आईबाबांना घेऊन क्रूझवर जाताय? बुकिंगपासून उतरेपर्यंतचे सगळे बारकावे

क्रूझची जाहिरात बघितली की स्विमिंग पूल दिसतो, नाचगाणी दिसतात, सूर्यास्त दिसतो. घरातले ज्येष्ठ मात्र वेगळेच प्रश्न विचारतात: बाथरूम कसं आहे, चहा कुठे मिळेल, इन्सुलिन कुठे ठेवायचं, वरणभात मिळेल का, रात्री त्रास झाला तर डॉक्टर आहे का? माझ्या मते हेच खरे प्रश्न. जमिनीवरच्या हॉटेलात काही कमी पडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येतं. जहाज धक्क्यावरून हललं की जे आत आहे तेच मिळणार, आणि तेही जहाजाच्या दराने. म्हणून जहाजावरच्या सोयींची चौकशी जमिनीवर असतानाच, शक्यतो लेखी करून घ्यायची.

मराठी कुटुंबं मुख्यतः दोन ठिकाणांहून क्रूझ घेतात. एक मुंबई: बॅलार्ड पिअरवरून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे. सप्टेंबर २०२१ पासून या मार्गांवर फिरणारी कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट १९९० साली पाण्यात उतरलेली आहे आणि पूर्वी रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीच्या ताफ्यात होती. दुसरं ठिकाण सिंगापूर: तिथून ‘गेंटिंग ड्रीम’सारखी बरीच मोठी जहाजं मलेशिया आणि थायलंडकडे जातात. दोन्हीकडचा अनुभव सारखा नसतो. एम्प्रेसची लांबी साधारण २११ मीटर, तर गेंटिंग ड्रीमची ३३५ मीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला केबिनपासून जेवणघरापर्यंत दिवसातून चार वेळा जायचं असतं, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

पहिली पायरी: केबिन निवडणे

बुकिंग करताना एजंट ‘आतली’, ‘खिडकीची’, ‘बाल्कनीची’ असे दर सांगतो आणि थांबतो. तुम्ही तिथे थांबू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर जहाजाचा मजलावार नकाशा असतो. त्यात आपली केबिन शोधा आणि तिच्या वर काय आहे, खाली काय आहे ते बघा. वर पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड चालते. वरखाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा सर्वांत शांत.

बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. लाटांवर जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा मधला भाग सर्वांत कमी हलतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरची पुढची केबिन कितीही ऐटीची दिसली तरी हलण्याच्या बाबतीत तीच सर्वांत वाईट. लिफ्टपासून केबिन किती लांब आहे तेही नकाशावर मोजून घ्या. काही स्वस्त दरांत केबिनचा क्रमांक कंपनीच ठरवते. तरुण जोडप्याने असा दर खुशाल घ्यावा, आजीआजोबांसाठी घेऊ नये.

आकाराची कल्पना आधीच देऊन ठेवा. बऱ्याच जहाजांवर आतली केबिन सव्वाशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते आणि बाथरूम त्यातच येतं. तीन-चार माणसांच्या केबिनमध्ये वरचे बर्थ भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि त्यांना शिडी असते. वयस्कर माणसाच्या वाट्याला तो बर्थ येता कामा नये. खाली दोन स्वतंत्र पलंग लावता येतील का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. बहुतेक ठिकाणी डबल बेड वेगळा करून मिळतो.

चालायला त्रास असेल तर ‘अॅक्सेसिबल’ केबिन मागा. साध्या केबिनच्या बाथरूमला चांगलाच उंच उंबरठा असतो, आतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री अंधारात झोपेतून उठलेला माणूस नेमका तिथे अडखळतो. अॅक्सेसिबल केबिनमध्ये उंबरठा नसतो किंवा उतार केलेला असतो, दार रुंद असतं आणि भिंतीला धरायला दांडे असतात. अशा केबिन मोजक्याच असल्याने लवकर संपतात. व्हीलचेअर साधारणपणे चढता-उतरतानाच कंपनीकडून मिळते. जहाजावर दिवसभर हवी असेल तर घडीची स्वतःची न्यायची किंवा आधी सांगून भाड्याने घ्यायची.

दुसरी पायरी: बुकिंगनंतरचा ईमेल

माझ्या दृष्टीने सगळ्या तयारीत हा एक ईमेल सर्वांत मोलाचा. फोनवर ‘हो हो, सगळं मिळेल’ असं कोणीही म्हणतं. लिहून विचारलं की उत्तर नीट येतं आणि ते छापून खिशात ठेवता येतं. मजकूर साधा असू द्या:

‘बुकिंग क्रमांक अमुक. प्रवासी चौघे, त्यांपैकी दोघे सत्तरीच्या पुढचे. एकाला मधुमेह आहे, इन्सुलिनसाठी थंड जागा लागेल आणि वापरलेल्या सुया टाकायला डबा लागेल. एक जण कांदा-लसूण नसलेलं शाकाहारी जेवण घेतो. केबिनमध्ये कोणत्या प्रकारचे प्लग आहेत, किटली आहे का आणि बाथरूममध्ये हँड शॉवर आहे का, हे कृपया कळवावे.’

इन्सुलिनबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा पेयं गार ठेवण्यापुरताच असतो, त्याच्या तापमानावर औषध सोडू नये. औषधासाठी वेगळा फ्रिज मागा किंवा जहाजावरच्या दवाखान्यात ठेवायची सोय विचारा. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लावणाऱ्यांनी तेही आधीच कळवावं. यंत्राला लागणारं डिस्टिल्ड वॉटर आणि पलंगापर्यंत पोचणारी वायर बऱ्याच कंपन्या आधी सांगितलं तरच तयार ठेवतात.

याच वेळी दोन नियम तपासा. गर्भारपणाचे २४ आठवडे पूर्ण झाले असतील किंवा प्रवासादरम्यान होणार असतील, तर बहुतेक मोठ्या कंपन्या जहाजावर घेत नाहीत. तान्ह्या बाळासाठी किमान वय साधारण ६ महिने असतं, लांबच्या समुद्रप्रवासाला १२ महिने.

सिंगापूरहून जाणाऱ्यांसाठी व्हिसाचा मुद्दा. जहाजाने मलेशियाला जाऊन परत आलात की तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता. त्यामुळे व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेशांची परवानगी आहे ना, ते बघून घ्या.

तिसरी पायरी: बॅग भरणे

आधी विजेचं बघू. अमेरिकी धाटणीच्या जहाजांवर केबिनमध्ये साधारण दोन प्रकारचे सॉकेट असतात: ११० व्होल्टचे चपट्या पिनांचे आणि २२० व्होल्टचे गोल पिनांचे. आपल्याकडच्या मोबाइल चार्जरची दोन बारीक गोल पिनांची जोडी युरोपीय सॉकेटमध्ये सहसा बसते, पण तीन पिनांचा भारतीय प्लग बसत नाही. म्हणून एक साधा अॅडॉप्टर आणि तीन-चार यूएसबी तोंडं असलेला एक चार्जर घ्या. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात (चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं). भारतातला हेअर ड्रायर मात्र ११० व्होल्टवर नुसता कण्हत बसेल. तसाही तो बहुतेक केबिनमध्ये असतोच.

एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. व्होल्टेजच्या चढउतारापासून संरक्षण देणारे, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर असलेले बोर्ड तर सगळीकडेच काढून घेतात. जहाजातली वायरिंगची रचना घरातल्यापेक्षा वेगळी असते. घरात संरक्षण देणारा हाच भाग जहाजावर तापून पेट घेऊ शकतो. हल्ली काही कंपन्यांनी सगळ्याच प्रकारच्या एक्स्टेंशनवर बंदी घातली आहे. इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, छोटा राइस कुकर, प्रवासी किटली हेही स्कॅनिंगमध्ये पकडतात. भर समुद्रात लागलेल्या आगीपासून पळायला जागा नसते, म्हणून हा नियम कितीही जाचक वाटला तरी मनापासून पाळा.

याच कारणाने उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती चालत नाही. रोज पूजा करणाऱ्यांना हे घरीच सांगा, म्हणजे तिथे मन खट्टू होणार नाही. छोटा फोटो आणि बॅटरीवरचा दिवा नेला की नेम चुकत नाही.

बाथरूम हा आपल्याकडचा नाजूक विषय, पण स्पष्ट बोललेलं बरं. परदेशी कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर जेट स्प्रे नसतो, फक्त कागद असतो. बॅगेत एक छोटा प्लास्टिकचा मग किंवा दाबायची पिचकारी-बाटली ठेवली की आठवडाभराची चिंता मिटते. संडास हवेच्या दाबावर चालतो. बटण दाबलं की मोठ्ठा आवाज येतो आणि सगळं क्षणात खेचलं जातं. लहान मुलं आणि आजी दोघंही दचकतात, तेव्हा आधी कल्पना द्या. त्यात ओले वाइप्स किंवा सॅनिटरी पॅड टाकले तर पाइप तुंबतो, आणि तुमच्याबरोबर आजूबाजूच्या केबिनचेही संडास बंद पडू शकतात. शॉवरची जागा अगदी आवळती असते. बादली नसते. खाली बसून आंघोळ करायची सवय असलेल्यांनी हँड शॉवर आहे का हे आधीच विचारावं.

केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात. लोहचुंबकाचे चार हुक नेले की टोप्या, पिशव्या, ओळखपत्रं टांगता येतात आणि पसारा कमी होतो. एसी जोरात असतो, म्हणून शाल किंवा स्वेटर हवाच. पूलमध्ये उतरायला पोहण्याचे कपडेच लागतात, पंजाबी ड्रेस किंवा बर्मुडा-बनियन चालत नाही. डायपर घालणाऱ्या बाळांना मुख्य पूलमध्ये बहुतेक ठिकाणी मनाई असते. पूलजवळ जीवरक्षक असेलच असं नाही, तेव्हा मुलांवर लक्ष आपणच ठेवायचं.

खाऊचं काय? दुकानातून घेतलेली सीलबंद कोरडी पाकिटं बऱ्याच कंपन्या चालवून घेतात, घरी केलेलं अन्न चालवत नाहीत. चिवडा, खाकरे, राजगिरा चिक्की सीलबंदच घ्या. मात्र बंदरावर उतरताना खाण्याची वस्तू बरोबर नेऊ नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारखे देश एका फळासाठीही मोठा दंड लावतात.

चौथी पायरी: चढायचा दिवस

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतल्या जातात आणि केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात, कधी कधी रात्रही होते. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत पासपोर्ट किंवा ओळखपत्र, सगळी औषधं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हवेतच. रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत गेली की दुपारभर घोर लागतो. मुंबईहून देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र पुरतं, पण मूळ न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

चेक-इनच्या वेळी एक कार्ड मिळतं. तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, आणि जहाजावरच्या खरेदीचं पाकीटही तेच, कारण जहाजावर रोख पैसे जवळजवळ चालत नाहीत. या कार्डाला आपलं क्रेडिट कार्ड जोडतात. डेबिट कार्ड जोडणं टाळा. कंपनी रोज काही रक्कम आगाऊ अडवून ठेवते आणि ती खात्यात परत यायला बरेच दिवस लागू शकतात. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवायची असेल तर हे काम काउंटरवर पहिल्याच दिवशी उरका.

सुरक्षा कवायत, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं आणि काय करायचं याची तालीम, टाळू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडलं आणि ३२ जणांचा जीव गेला. नुकतेच चढलेले बरेच प्रवासी तेव्हा कवायत न होताच समुद्रात होते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी कवायत घेणं सक्तीचं झालं. आता बऱ्याच जहाजांवर केबिनमधल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर चित्रफीत दाखवतात आणि आपण नेमून दिलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची असते. आईबाबांना त्या जागेपर्यंत प्रत्यक्ष चालवत न्या, आणि तेही जिन्याने, कारण आणीबाणीत लिफ्ट बंद असते. जिना चढवत नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला तेव्हाच सांगून नाव नोंदवा.

केबिनमध्ये शिरल्यावर सामान लावायच्या आधी नळ, गरम पाणी, फ्लश, एसी, तिजोरी, दिवे, सॉकेट सगळं चालवून बघा. काही बंद असेल तर लगेच केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा. पहिल्या दिवशी केलेली तक्रार पटकन सुटते. जादा उशी, पांघरूण, हँगरही त्याच्याकडेच मागायचे. रात्रीसाठी बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवा, कारण आतली केबिन दिवसाही काळोखी असते.

जेवण आणि चहा

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर भारतीय शाकाहारी जेवण असतंच, जैन जेवण आधी सांगितल्यास मिळतं. सिंगापूरच्या जहाजांवरही भारतीय प्रवासी इतके असतात की बुफेत डाळ, भात, रोटी दिसतेच. खरी कसोटी युरोप किंवा अमेरिकेतल्या जहाजांवर लागते. तिथे बुफेत एखादी करी असते, पण पहिल्या रात्री मुख्य जेवणघरातल्या हेड वेटरला भेटून आपली गरज सांगितली तर बऱ्याच ठिकाणी रोज वेगळं भारतीय शाकाहारी ताट करून देतात. तेच हेड वेटर आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाची यादी दाखवतात, त्यावर खूण केली की काम होतं. जहाजांच्या स्वयंपाकघरात भारतीय आचारी भरपूर असतात, गोव्याचे आणि कोकणातलेही. मराठी किंवा कोकणी कानावर पडली की आईच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते कोणत्याही शोपेक्षा मोठं.

शाकाहारींनी एवढं मात्र विचारावं: थाई-चिनी पदार्थांत माशाचा किंवा कालवांचा सॉस आहे का, आणि थंडगार गोड पदार्थांत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेलं) आहे का. ‘भाजीचं सूप’ चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. चतुर्थी-एकादशीला परदेशी जहाजावर साबुदाणा मिळणार नाही, पण फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा मागून घेता येतो.

चहा बुफेत बहुतेक वेळा फुकट असतो, पण तो गरम पाणी आणि पुडीचा. आपल्या चहाची तलफ असणाऱ्यांनी आलं-वेलचीच्या तयार चहाच्या पुड्या न्याव्यात. पाणीही बुफेतून फुकट मिळतं. केबिनमध्ये मांडून ठेवलेली बाटली मात्र बऱ्याचदा पैशाची असते, उघडण्यापूर्वी तिच्या गळ्यातला दर वाचा. मोठ्या जहाजांवर समुद्राचं पाणी यंत्रांनी शुद्ध करून पिण्याजोगं करतात.

पैसे कुठे जातात

मुख्य जेवणघर, बुफे, पूल, जिम आणि नाट्यगृहातले बहुतेक कार्यक्रम तिकिटात येतात. विशेष रेस्तराँ, स्पा, दारू, शीतपेयं, फोटो, व्हिडिओ गेम, किनाऱ्यावरच्या सहली आणि वायफाय यांचे पैसे वेगळे. परदेशी जहाजांवर माणशी रोज टिपेची रक्कम आपोआप लागते. अमेरिकी कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलरच्या आसपास आहे. चार माणसांची पाच रात्रींची बेरीज करून बघा आणि बजेटमध्ये धरा. ही रक्कम केबिन आवरणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसांच्या कमाईचा भाग असते, ती काढून टाकायचे सल्ले ऐकू नयेत असं मला वाटतं. पेयांचं पॅकेज घेताना एक अट वाचा: एकाने घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. न पिणाऱ्या घराला ते कधीच परवडत नाही.

धुलाईसाठी स्वतः चालवायची यंत्रं कार्निव्हल, प्रिन्सेससारख्या काही कंपन्यांच्या जहाजांवर असतात. रॉयल कॅरिबियनवर ती नाहीत, तिथे पैसे देऊन कपडे धुवायला द्यावे लागतात.

फोन धक्का सुटताच विमान मोडवर टाका, सगळ्यांचे. किनाऱ्याचं नेटवर्क गेलं की फोन जहाजावरच्या उपग्रह-नेटवर्कला चिकटू शकतो आणि त्याचे दर साध्या रोमिंगहून कितीतरी जास्त असतात. बाबांचा फोन कोणाच्या लक्षात येत नाही आणि बिल नेमकं त्यावर येतं. वायफाय हवं असेल तर पॅकेज किती उपकरणांसाठी आहे ते विचारा आणि आधी ऑनलाइन घ्या, बऱ्याचदा स्वस्त पडतं.

तब्येत

मुंबईचा क्रूझ हंगाम पावसाळा सोडून असतो. ऑक्टोबर ते मे अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असला तरी बोट लागू शकते. अॅव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तरच उपयोगी पडते. ती झोप आणते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्रास झालाच तर आतल्या केबिनमध्ये पडून राहू नका. मोकळ्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा, कोरडं थोडं थोडं खा.

हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांमागे बऱ्याचदा नोरोव्हायरस असतो आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर भरवसा नाही. दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण परदेशी जहाजावरची तपासणी महाग असते आणि आपला नेहमीचा आरोग्यविमा तिथे लागू होईलच असं नाही. क्रूझचा उल्लेख असलेला प्रवासविमा घ्या, त्यात समुद्रातून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च आणि आधीपासूनचे आजार धरलेत का ते वाचा.

बंदरावर उतरताना

परतायची वेळ ‘जहाज सुटण्याची’ नसते, त्याच्या अर्धा-एक तास आधीची असते. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, स्थानिक वेळ वेगळी असू शकते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, आपण स्वतः टॅक्सी करून गेलो असू तर थांबत नाही.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठं जहाज खोल पाण्यातच उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकणं हे गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला अवघड जातं. त्या दिवशी ते जहाजावर राहणार असतील तर वाचनालय, दुपारचा खेळ, डेकवरची सावलीची जागा आधी दाखवून ठेवा. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, त्याची कागदपत्रं कंपनी कधी मागते ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रंगीत पट्टी लावून रात्री दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळची औषधं, पासपोर्ट, उद्याचे कपडे, चपला आणि कवळीचा डबा हातातल्या पिशवीत आहे ना, हे दिवे मालवण्यापूर्वी बघा. खर्चाचा हिशेब केबिनमधल्या टीव्हीवर किंवा कंपनीच्या अॅपवर दिसतो. तो आदल्या संध्याकाळीच ओळ न् ओळ वाचा. न घेतलेली बाटली किंवा दुसऱ्याचा फोटो लागला असेल तर तेव्हाच काउंटरवर जा, सकाळी तिथे लांब रांग असते.

परतीचं विमान सकाळचं घेऊ नका. जहाज पहाटे धक्क्याला लागलं तरी तपासणी, बॅगा शोधणं आणि टॅक्सी यात सहज दोन-तीन तास जातात. व्हीलचेअरवाल्यांना वेगळ्या ठिकाणी जमायला सांगतात आणि तिथून क्रमाने उतरवतात. ती जागा आणि वेळ आदल्या दिवशी लिहून घ्या, आणि कुटुंबातला एक जण त्यांच्याबरोबरच थांबेल असं ठरवा.